मागावरची हाक

सहाव्या महिन्याच्या सहा तारखेला लिऊथांग गावात घरोघरच्या पेट्या उघडतात. थंडीचे कपडे, गोधड्या, पोथ्या, सगळं अंगणात उन्हाला निघतं आणि बायका एकमेकींच्या दोऱ्यांकडे बघत कुणाकडे काय नवं आलं, काय कसरीनं खाल्लं, याचा हिशेब करत बसतात. जिउन्यांगच्या दोरीवर मात्र दर वर्षी एक निळा अंगरखा असे. तो अठरा वर्षं उन्हात पडला, पण पाण्यात एकदाही पडला नाही.

"अगं, धू एकदाचा तो," शेजारची तांगवहिनी कुंपणावरून दर वर्षी म्हणे. "गळ्यापाशी इतका मळ आहे की भात लावला तर पीक येईल."

"येऊ दे. मालक आला की कापेल," जिउन्यांग म्हणायची, आणि अंगरखा उलटा करून दुसऱ्या बाजूनं ऊन द्यायची.

ओसरीवरून सासू ओरडे, "कापेल म्हणे! त्यानं जन्मात विळा धरला होता का? फक्त धोटा. हात बायकांसारखे मऊ. माझ्याच पोटचा, पण खरं ते बोलावं."

असा तो दिवस हसण्यावारी जाई. न धुण्याचं कारण तिघींनाही ठाऊक होतं. अंगावरून उतरलेल्या कपड्यात माणसाचा घाम असतो, आणि घाम आहे तोवर माणसाचा आणि घराचा धागा तुटत नाही. गावातल्या ज्या ज्या बायकांची माणसं उत्तरेत नेली होती, त्या सगळ्यांच्या पेटीत असा एक कपडा होता. वर्षं गेली तसे एकेकीनं ते धुवून टाकले, कुणी पोरांना कापून घातले. जिउन्यांगचा तेवढा राहिला.

तिचं नाव जिउन्यांग, म्हणजे नववी, कारण ती नवव्या महिन्याच्या नवव्या तारखेला जन्मली होती. त्या दिवशी लोक टेकडीवर चढतात, शेवंतीची फुलं माळतात आणि दूर गेलेल्यांची आठवण काढतात. तिच्या बापाला नाव शोधायचा कंटाळा होता. तारखेवरून नाव ठेवून तो मोकळा झाला. सतराव्या वर्षी ती मो घरात सून म्हणून आली. घरात सासू, नवरा आन्ची, आणि एक माग, इतकीच माणसं. मागाला माणसात धरायचं कारण असं की घरातली सगळ्यात मोठी जागा त्याची होती. नक्षीच्या मागाला उंची लागते. त्याच्यासाठी मो लोकांनी छपराचं आढं दोन हात वर उचलून घेतलं होतं.

हा माग एकट्यानं चालत नाही. खाली बसतो तो धोटा फेकतो. वर, मागाच्या डोक्यावरच्या फळीवर एक जण बसतो आणि नक्षीच्या दोऱ्या ओढतो. खालच्याला नक्षी दिसत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त ताण्याचे धागे. नक्षी वरच्याच्या दोऱ्यांत असते. वरच्यानं योग्य दोऱ्या ओढून हाक दिली की खालच्यानं धोटा टाकायचा. हाक चुकली तर फूल वाकडं येतं. म्हणून विणकराचा हात डोक्याचं ऐकत नाही, वरच्या हाकेचं ऐकतो.

जिउन्यांग वर बसे. "उचललं... ये!" अशी तिची हाक होती. 'ये' लांबवून, शेवटाला किंचित वर नेलेला. तिकडे तो 'ये' पडला की इकडे धोटा सुटलाच. दिवसातून हजारदा. जेवताना, अंगणात, चारचौघांत ती नवऱ्याला अहो-जाहो करी, त्याचं नाव तर तिनं कधीच तोंडातून काढलं नव्हतं. फळीवर चढली की मात्र 'ये'.

"वर चढलीस की फार मोठी होतेस," आन्ची खालून म्हणे. "सासूसमोर ये म्हणून दाखव बघू."

"खाली उतरले की अहो. वर तुम्ही माझे गडी."

"गड्याला पाणी तरी मिळतं."

"चार फुलं झाली की मिळेल. उचललं... ये!"

संध्याकाळी काम थांबवायचं तेही वरच्यानंच. छपराच्या झरोक्यातून उजेड किती उरला ते वरून कळतं. उजेड कमी झाला की जिउन्यांग म्हणायची, "टेकव हात." मग आन्ची धोटा ताण्यावर आडवा ठेवी, बोटं मोडी आणि उठे. ती हाक येईपर्यंत तो उठत नसे, पाठ मोडली तरी. त्याच्या बापानं त्याला तसंच शिकवलं होतं.

ज्या वसंतात राजधानीतल्या म्हाताऱ्या राणीनं लहानग्या राजाचं राज्य मंगोलांच्या हाती दिलं, त्या वसंतात मागावर डाळिंबाच्या फुलांचं पातळ रेशीम चढलेलं होतं. दोन हात विणून झालं होतं. सकाळची वेळ. जिउन्यांगनं दोऱ्या ओढल्या होत्या, तोंडात 'उचललं' आलं होतं, आणि गावच्या पुलावर घोड्यांच्या टापा वाजल्या.

स्वारांनी सगळ्यांना खळ्यावर गोळा केलं. बरोबर उत्तरेकडचा एक दुभाष्या होता. तो ओरडला, "कारागीर डावीकडे. बाकीचे उजवीकडे."

चांगचौ शहरात काय झालं होतं ते साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. तिथे भिंती पडल्यावर फार थोडे वाचले होते, आणि जे वाचले त्यांत कारागीर होते असं लोक बोलत. पण असंही बोलत की डावीकडे गेलेला परत घर बघत नाही. आन्ची उजवीकडे, शेतकऱ्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला होता. टोपी कपाळावर ओढून, मऊ हात बाह्यांत लपवून.

जिउन्यांगला त्या क्षणी एवढंच दिसलं की उजवीकडच्यांभोवती स्वार आहेत आणि स्वारांच्या हातांत भाले आहेत. ती घोळक्यात शिरली. नवऱ्याची बाही धरली आणि खेचत त्याला मधोमध आणलं.

"हा नक्षी विणतो!" ती ओरडली. "हात बघा याचे! घरी माग आहे, चला दाखवते!"

आन्चीनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. मागावर एखादी दोरी चुकीची ओढली गेली की तो वर बघे, तसं.

दुभाष्यानं त्याचे तळवे चाचपले आणि डावीकडे ढकललं. जिउन्यांगही मागोमाग निघाली. "मीही जाते. मी वर बसते. माझ्याशिवाय याचं विणकाम होत नाही."

दुभाष्या हसला. "बाई, दोऱ्या ओढायला तिकडे शंभर माणसं आहेत. घरी जा."

आन्चीच्या बाहीत धोटा होता. पुलावर घोडे वाजले तेव्हा तो टाकायचाच राहिला होता. तो तसाच धोटा घेऊन गेला.

दोन दिवसांनी उजवीकडच्या सगळ्यांना घरी सोडलं. भात लावायचे दिवस होते. नव्या राज्यालाही भात लागतोच.

ह्याबद्दल सासू तिला अठरा वर्षांत एक शब्द बोलली नाही. घरातली भांडी आपटण्यावरून बोलली, मिठावरून बोलली, सरपणावरून तर रोज बोलली. ह्याच्यावरून कधी नाही. आणि जिउन्यांगला तेच सगळ्यात जड जाई.

माग तसाच उभा राहिला. ताणा कापायचा नाही असं तिनं ठरवलं. दोघी बायका रेशीम उकलून, सूत गुंडाळून पोट भरू लागल्या. संध्याकाळी जेवणाच्या चौरंगावर तीन वाडगे मांडले जात. तिसऱ्यात भात वाढून वर जेवायच्या काड्या आडव्या ठेवायच्या. आडव्याच. उभ्या खोचलेल्या काड्या मेलेल्यांसाठी असतात. एकदा तांगवहिनीच्या लेकीनं खेळता खेळता त्या भातात उभ्या रोवल्या, तर जिउन्यांगनं तो भात पोरीसमोर काही न बोलता उचलला, परसात नेऊन पुरला आणि नवा वाढला. रोज जेवणं झाली की तिसऱ्या वाडग्यातला भात कोंबड्यांना जाई. कोंबड्या मात्र चांगल्या पोसल्या.

अठराव्या वर्षी उत्तरेत म्हातारा खान वारला. बातमी आली की नव्या खानानं गादीवर बसताना पुष्कळांना माफी दिली आहे. कारागिरांतले काही सुटतील. जिउन्यांगनं त्या उन्हाळ्यात अंगरखा दोनदा उन्हात घातला.

त्याच उन्हाळ्यात सासूनं अंथरूण धरलं. आधी पाय सुजले, मग अन्नावरची वासना गेली. सातव्या महिन्यात एका दुपारी तिनं सुनेला जवळ बसवलं.

"मला तुझ्या सासऱ्याशेजारी ठेवाल. बरोबर?"

"आई, तुम्ही इतक्यात कुठे निघालात."

"निघाले नाही. निघवत नाही, म्हणून तर सांगते. माझ्या पायाशी कोण आहे?"

आईबापाच्या पायाशी मुलाची जागा. ती जागा मोकळी होती.

"त्याची हाक घाल," सासू म्हणाली. "तो अंगरखा आहे ना. छपरावर चढून हाक घाल आणि अंगरखा पेटीत घालून माझ्या पायाशी पूर. मी आहे तोवर. मला बघून जायचंय."

"आई, ते जिवंत असले तर?" जिउन्यांग म्हणाली. "जिवंत माणसाचा जीव इकडे बोलावून मातीत घातला, तर तिकडे त्यांचं काय होईल? आता तर नव्या खानानं माणसं सोडायला घेतलीत. एक वर्ष थांबा."

"मी थांबते गं. हे पाय थांबत नाहीत." म्हातारी भिंतीकडे वळली. तिकडेच बघत बोलली, "आणि तो मेलेला असला तर? अठरा वर्षं कुणी त्याला घासभर भात दिलेला नाही. तुझा तो आडव्या काड्यांचा भात मेलेल्याला पोचत नाही. परक्या मुलखात, उपाशी, कुणाच्याही दारात उभा राहत असेल माझा पोरगा. तू विचार कर. तू हुशार आहेस."

हा टोमणा नव्हता.

जिवंत असेल तर हाक मारणं म्हणजे मारणं. मेला असेल तर हाक न मारणं म्हणजे उपाशी ठेवणं. दोन्ही हातांत दोन विंचू घेऊन बाई महिनाभर जगली. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला ती गुआनयिन माउलीच्या देवळात गेली, उदबत्ती लावली आणि कौल लावायचे अर्धचंद्री लाकडी तुकडे ओंजळीत घेतले. पहिल्यांदा टाकले तर दोन्ही सपाट बाजू वर: देवी हसली, म्हणजे उत्तर नाही. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा एक तुकडा उलटा पडला आणि दुसरा घरंगळत चौथऱ्याखाली गेला. म्हाताऱ्या साध्वीनं काठी घालून बघितलं, मिळाला नाही.

"माउलीनं ठेवून घेतला," साध्वी म्हणाली. "हा कौल ती देत नाही. तुलाच द्यायला सांगते."

माउलीनं असं का करावं हे जिउन्यांगला तेव्हा कळलं नाही. देवदेखील एखाद्या गोष्टीचा भार आपल्या हातावर घेत नसेल, तर माणसानं तो कुठे ठेवायचा? पण ती देवावर रुसणाऱ्यांतली नव्हती. तिनं नमस्कार केला आणि उरलेला तुकडा चौथऱ्यावर ठेवून घरी आली. घरी सासूनं चार दिवस पेज घेतली नव्हती, आणि हट्टानं नाही. घशाखाली उतरतच नव्हती. तोंड उघडं, डोळे दाराकडे.

"आई," जिउन्यांग म्हणाली, "घालते हाक."

म्हातारीनं तिचा हात धरला. त्या हातात तेवढंच बळ उरलेलं होतं, ते सगळं तिनं वापरलं. त्या रात्रीपासून घोट घोट पेज उतरू लागली.

कुळातले थोरले पाओशानकाका पंचांग घेऊन बसले. नवव्या महिन्याची नववी तारीख उत्तम निघाली. "त्या दिवशी तुझा जन्मदिवसही आहे," काका म्हणाले, "जीव घरची वाट सहज ओळखेल."

त्या दिवशी सकाळी सासूला खाटेसकट अंगणात आणून ठेवलं. पूर्वेकडून शिडी लावली. हाक घरच्याच माणसानं घालायची, आणि ज्याचा आवाज त्यानं सगळ्यात जास्त ऐकला असेल त्यानं. तांगवहिनी खाली टोपली घेऊन उभी राहिली. पाओशानकाकांनी सांगितलं, "गळपट्टी डाव्या हातात धर. उत्तरेकडे तोंड. पूर्ण नाव घे: मो आन्ची, परत ये. तीनदा. मग घडी करून खाली टाक."

जिउन्यांग छपरावर चढली. आढं उंच होतं, मागासाठी उचललेलं. तिच्या पायाखाली बरोबर ती फळी होती, आणि फळीखाली डाळिंबाचं अर्धं कापड. टेकडीवर फुलं माळून निघालेली माणसं खालच्या वाटेवर थांबून वर बघू लागली. तिनं अंगरखा उत्तरेकडे पसरला. वारा आत शिरला आणि बाह्या भरल्या.

"घे नाव!" काका खालून म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. नाव येईना. सव्वीस वर्षांच्या संसारात जे नाव तोंडातून काढलं नव्हतं ते आता, साऱ्या गावासमोर, ह्या कामासाठी काढायचं? ओठ हलले, आवाज नाही. खाटेवरून म्हातारी बघत होती. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. आणि मग, उंचावर उभं असल्यामुळे असेल, हातात त्याचं कापड असल्यामुळे असेल, घशानं आपणहून जी वाट माहीत होती ती धरली.

"उचललं... ये!"

मागावरची हाक. 'ये' लांबलेला, शेवटाला वर गेलेला, अठरा वर्षांनी.

तांगवहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाओशानकाका चुळबुळले. "असं नसतं... नाव घ्यायचं असतं," ते पुटपुटले.

"राहू दे," खाटेवरून म्हातारी म्हणाली. "त्याला तीच कळेल."

जिउन्यांगनं दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा तशीच हाक दिली. अंगरखा टोपलीत पडला. त्याच दुपारी लहानशा पेटीत तो ठेवून सासऱ्याच्या पायाशी पुरला. देव्हाऱ्यात, पूर्वजांच्या रांगेत, आन्चीच्या नावाची पाटी बसली. संध्याकाळी तिसऱ्या वाडग्यातल्या भातात जिउन्यांगनं पहिल्यांदा काड्या उभ्या रोवल्या. त्या उभ्या राहत नव्हत्या, भात मऊ शिजला होता. तिनं हातानं धरून ठेवल्या.

सासू अकरा दिवसांनी गेली. चेहऱ्यावर सुरकुती नाही, इतकी शांत. लोक म्हणाले, सुनेनं पांग फेडले.

त्यानंतर दीड वर्ष गेलं. वसंतात शेजारचा कालवा धान्याच्या होड्यांनी भरला होता. एका सकाळी जिउन्यांग आत रेशीम गुंडाळत असताना दाराशी काठी वाजली.

"कोण हवंय?" तिनं आतून विचारलं.

दारातला म्हातारा जागच्या जागी थांबला. डोळ्यांत पांढरा पडदा होता. त्याला नावाड्यानं हाताला धरून आणलं होतं. "आणखी काही बोला," तो म्हणाला.

"काय बोलू? कुणाकडे आलात?"

"हेच घर," म्हातारा नावाड्याला म्हणाला. "तू जा. आवाज ओळखला मी."

त्याचं नाव चू. जियाशिंगकडचा, त्यालाही त्याच वर्षी नेलं होतं. तांगवहिनी पाणी घेऊन आली आणि दाराशी उभीच राहिली. म्हाताऱ्यानं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "मो आन्ची खाली बसायचा. मी वर. अठरा वर्षं मी त्याच्या दोऱ्या ओढल्या."

जिउन्यांगच्या हातातली गुंडी सुटून जमिनीवर गेली.

"अठरा वर्षं शिव्याही खाल्ल्या," तो हसला. "म्हणायचा, चूदादा, तुमची हाक म्हणजे बदकाच्या गळ्यात हाड. मग तुमची नक्कल करून दाखवायचा. 'ये' असा वर न्यायचा. सगळा कारखाना हसायचा. मी म्हणायचो, बायकोची नक्कल करणारा नवरा मी पहिलाच बघितला. म्हणून आवाज ओळखला, बाई."

"ते..." जिउन्यांग पुढे सरकली.

"माझे डोळे गेले, म्हणून मला सोडलं. नाहीतर कोण सोडतंय." चू थांबला. "त्याला सोडलं नसतं. त्याचे हात चांगले होते. हात चांगले असले की सोडत नाहीत."

"होते?" दारातून तांगवहिनी म्हणाली.

चूनं मान खाली घातली. मग कमरेच्या फडक्यातून काहीतरी काढलं, पण लगेच दिलं नाही; दोन्ही हातांत धरून बसला.

"गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या शरदातली गोष्ट. नवव्याची नववी. आम्हाला तिकडे सण नाही, काम चालूच. सकाळची वेळ. मी दोऱ्या ओढल्या होत्या, हाक द्यायची होती. तर माझ्या आधीच त्यानं धोटा टाकला. मी म्हटलं, अरे, कुणी सांगितलं? नक्षी बिघडली ना. तो वर बघत होता. माझ्याकडे नाही, माझ्याही वर. म्हणाला, 'हाक आली.' मी म्हटलं, मी दिलीच नाही. म्हणाला, 'तुमची नाही.' दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्यांदा धोटा हातात घेतला आणि उठला. अंगात साधी बंडी. टोपीही घेतली नाही. मी विचारलं, कुठे? तर म्हणाला, 'घरी बोलावतायत.' आणि गेला. फाटकावरच्यांना वाटलं, परसाकडे चाललाय."

"आम्हाला वाटलं, वेड लागलं. किंवा पकडून आणतील. पकडला नाही. अकराव्या महिन्यात गाडीवाले आले. पिवळ्या नदीच्या उतारावर बर्फात एक माणूस सापडला म्हणाले. दक्षिणेकडे तोंड. नदी ओलांडायला थांबला होता. त्यांनी चटईत गुंडाळून तिथेच पुरला. हातातलं हे कारखान्याचं समजून परत आणलं." चूनं हात पुढे केला. "कारखान्याचं नव्हतं. मी बोटांनी ओळखलं. हे तुमच्याकडचं लाकूड."

तो सासऱ्यानं कोरलेला धोटा होता. नळीवर अजून निळं सूत गुंडाळलेलं होतं, टोक लोंबत होतं.

"एक विचारू का?" चू म्हणाला. "दोन थंड्या मी हेच विचारत बसलोय. त्या दिवशी इथे काही झालं होतं का? माझ्यावर रागावून तर उठला नाही ना तो? मी आदल्या दिवशी त्याला फार बोललो होतो."

तांगवहिनीनं बाही तोंडात कोंबली. जिउन्यांगनं धोटा मांडीवर घेतला होता. तिचा अंगठा त्याच्या चिरीवरून पुढेमागे फिरत होता. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या डोळ्यांकडे बघून ती बोलली.

"नाही हो, चूदादा. तुमच्यावर नाही. त्या दिवशी माझा जन्मदिवस असतो."

"असं!" म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे आठवण झाली त्याला. तरीच. तरीच. बरं झालं सांगितलंत, बाई. आता मी घरी जाऊन झोपेन."

त्याला जेवू घालून, वाटेला भाताचे लाडू बांधून तिनं नावेपर्यंत पोचवलं. ती परत आली तेव्हा पाओशानकाका अंगणात होते; तांगवहिनीनं जाऊन सांगितलं असणार. काका उभ्या उभ्याच म्हणाले, "सूनबाई, असं बघू नकोस. हाक ऐकून निघाला. देह नदीवर राहिला, जीव अंगरख्यात घरी आला. नाहीतर तिकडेच मागावर मेला असता, परका."

"काका," जिउन्यांग म्हणाली, "दोन वेळा मी त्यांना उठवलं. एकदा हाताला धरून, एकदा हाकेनं. दोन्ही वेळा जिवंत होते."

चांगला माणूस. ते काठी टेकत निघून गेले.

ती घरात गेली. मागाच्या फळीवर चढली नाही. खाली, त्याच्या जागेवर जन्मात पहिल्यांदा बसली. समोर वीस वर्षांची धूळ बसलेला ताणा. इथून खरंच नक्षी दिसत नव्हती. नुसते धागे, सरळ, एकासारखे एक. इतकी वर्षं हा माणूस काहीच न दिसता तिच्या आवाजाच्या भरवशावर हात टाकत होता, हे तिला तिथे बसल्यावर कळलं. तिनं डोकं मागाच्या फणीला टेकलं आणि तिथेच रडली. तांगवहिनी दारापर्यंत आली आणि परत गेली.

उजेड उतरायला लागला तशी ती उठली. धोटा घेऊन शेताच्या कडेच्या कबरींपाशी गेली. सासूसासऱ्यांच्या पायाशी तो लहानसा उंचवटा होता. त्यावर गवत चांगलं धरलं होतं. ती उकिडवी बसली. हातानं थोडी माती उकरली आणि धोटा त्यात आडवा ठेवला, ताण्यावर ठेवतात तसा.

त्या सकाळी पुलावर घोडे वाजले तेव्हा ती 'उचललं' म्हणून थांबली होती. नंतर वीस वर्षांत ह्या घरातून एकदाच हाक गेली होती, तीही 'ये'चीच. काम थांबवायची हाक कुणी दिलीच नव्हती. आणि ती आल्याशिवाय तो उठत नसे, थांबत नसे, पाठ मोडली तरी. बर्फातही नदीच्या काठापर्यंत चालतच राहिला असणार.

"टेकव हात," जिउन्यांग म्हणाली. आवाज बसला होता. तिनं पुन्हा, नीट म्हटलं, "टेकव हात आता."

मग माती सारखी केली.

घरी येऊन तिनं भात केला. दोन वाडगे मांडले. दुसऱ्यात भात वाढून त्यावर काड्या ठेवल्या. कुंपणापलीकडून तांगवहिनी बघत होती. तिला दिसलं की काड्या उभ्या नव्हत्या, आडव्या होत्या, घरी आलेल्या माणसाच्या पुढे ठेवतात तशा. ती वळली आणि कोंबड्यांना मुठीनं दाणे टाकत उभी राहिली.